नऊ इंची भिंत

सभागृहाची मागची भिंत पाडून सभागृह वाढवायचं, असा ठराव ज्या दिवशी एकमताने मंजूर झाला, त्या दिवशी चिटणीस घराचा जिना दोन-दोन पायऱ्या चढून वर आले. वय चौसष्ट आणि उजवा गुडघा कायमचा रुसलेला, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट लहान नव्हती. आता, एकमताने म्हणजे सभेला तिघेच हजर होते आणि त्यातल्या एकाचा डोळा लागला होता, हेही खरं. पण इतिवृत्तात झोपेची नोंद करायची पद्धत नाही.

चिटणीस मानद होते. मानद म्हणजे काम सगळं आपण करायचं आणि मान लोकांना सवड मिळेल तेव्हा घ्यायचा. टपालखात्यात पत्रं लावता लावता संध्याकाळचे त्यांनी हे पद सांभाळलं आणि निवृत्तीनंतर तर ते पूर्णवेळच बोकांडी बसलं. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत तीन कामं त्यांच्या नावावर जमा होती: पंखे बदलले, स्वच्छतागृहाची कडी बसवली, आणि मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात जो ओलीचा डाग होता त्यासाठी गच्चीला दोनदा डांबर फासलं. डाग गेला नाही, पण वाढलाही नाही, आणि तो न वाढण्याचं श्रेय चिटणीस दरवर्षी अहवालात घेत. तरी मनातून त्यांना ठाऊक होतं की कडीकडे बघून "हे चिटणीसांच्या काळात झालं बरं का" असं कोणी म्हणत नाही. एकदा तरी कोणीतरी तसं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सभागृह वाढवण्याचं निमित्त मात्र त्यांच्या इच्छेतून आलेलं नव्हतं, परवाने देणाऱ्या कचेरीच्या पत्रातून आलं होतं. नव्या नियमाप्रमाणे दीडशे माणसं बसतील ते सभागृह. त्याहून कमी असेल ती खोली. खोलीत सार्वजनिक कार्यक्रम करता येणार नाहीत आणि वर्षअखेर परवाना आपोआप बंद होईल. सभागृहात एकशे बारा माणसं बसत. "खोली" हा शब्द चिटणीसांना शिवीसारखा लागला. ते पत्र त्यांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि जो भेटेल त्याला काढून दाखवलं.

कारण तिथे येणारी माणसं दुसरीकडे कुठे जाणार होती? सोमवारी ज्येष्ठांचं गायनमंडळ असे, ज्यातले निम्मे सूर विसरत आणि निम्मे शब्द, त्यामुळे एकूण गाणं पुरं होई. मंगळवारी कठपुतळीवाले. बुधवारी ऐकू न येणाऱ्यांचा बुद्धिबळाचा क्लब; सभागृहातली सगळ्यात मोठी भांडणं याच दिवशी होत, तीही आवाज न करता. गुरुवारी हौशी नाटकवाले, शुक्रवारी शिवणकाम शिकणाऱ्या बायका, आणि शनिवारी कवी. कवींना मुद्दाम शनिवार दिला होता, म्हणजे लोकांना सावरायला रविवार मिळे. ही सगळी मंडळी मोठ्या नाट्यगृहाच्या दारात उभी राहिली असती तर रखवालदाराने पत्ता चुकलात का म्हणून विचारलं असतं. इथे त्यांना कोणी विचारत नसे. चिटणीस किल्ली लावत, दिवे लावत आणि "चालू द्या" म्हणत.

"कुठली भिंत पाडताय म्हणे?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"मागची. शेवटच्या रांगेच्या मागची. पलीकडे अडगळीची खोली आहे ना, ती आत घेतली की अडतीस खुर्च्या आरामात बसतात."

"अहो, पण ती भिंत तर–"

"अगं, ही तांत्रिक बाब आहे. त्यासाठी ओव्हरसियर आहेत."

चिटणीसबाई पुन्हा भाजी निवडायला लागल्या. सांगून न ऐकणाऱ्याला लगेच दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हे शहाणपण त्यांनी चौतीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या अनुभवाने मिळवलं होतं.

भिंतीबद्दल थोडं सांगायला हवं. फिकट पिवळी, जुन्या पद्धतीची, मध्ये एक बारीक तडा आणि वर तो ओलीचा डाग. तिच्यावर "भिंतीला टेकू नये" अशी लाकडी पाटी होती आणि सभागृहात कोणी टेकत नसे. खिळा ठोकायचा तर प्रश्नच नव्हता. का, ते कोणी विचारत नसे. प्रत्येक जुन्या संस्थेत असे चार-दोन नियम असतातच. ते पाळले की आपण संस्थेचे झालो असं माणसाला वाटतं.

ओव्हरसियर म्हणजे बांधकामखात्यातून निवृत्त झालेले शेजारी. ते काठी टेकत आले, भिंतीसमोर खुर्ची मागवली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग काठीच्या टोकाने त्यांनी भिंतीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या. ढब ढब असा आवाज आला.

"पोकळ वाटते का हो?" चिटणीसांनी भीतभीत विचारलं.

"आवाजावर जाऊ नका," ओव्हरसियर म्हणाले. "जुने लोक भिंतीत हवा खेळायला पोकळी ठेवत. आता असं काम राहिलं नाही. नऊ इंची आहे, भरभक्कम. वर लोखंडी तुळई टाकल्याशिवाय हिला हात लावलात तर छप्पर गळ्यात येईल."

शेजारच्या शिंप्याचं मत निराळं होतं. तो म्हणाला, "पाडता कशाला? कपडा अपुरा पडला तर आम्ही सगळा उसवत नाही, बाजूने पट्टी जोडतो." बाजूला रस्ता आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला की रस्ताही जरा सैलच आहे. कवींनी भिंत पाडण्याला तत्त्वतः पाठिंबा दिला आणि त्या विषयावर सात कविता केल्या. गायनमंडळाच्या आजींनी एवढंच विचारलं की सोमवार चुकणार नाही ना. चिटणीस म्हणाले, चुकणार नाही. हे त्यांनी कशाच्या जोरावर सांगितलं ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

मग कचेरी. तिथे सात नंबरच्या खिडकीत एक बाई बसत. चष्मा नाकावर, समोर फायलींचा ढीग आणि चेहऱ्यावर अशी शांतता की समोरच्या माणसाचीच शांतता जावी. त्यांनी अर्ज वाचला, मागे जाऊन सभागृहाचा मूळ नकाशा काढून आणला, उलटसुलट पाहिला.

"कुठली भिंत पाडायची म्हणालात?"

"ही. इथली."

"इथे भिंत नाहीये."

"आहे हो. मी रोज बघतो."

"तुम्ही बघत असाल, साहेब. नकाशात नाही. नकाशात सभागृह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे. म्हणजे भिंत नंतर बांधली. परवानगीशिवाय बांधली. म्हणजे अनधिकृत."

"असेल. म्हणून तर पाडतोय."

बाईंनी चष्मा काढला. "जी भिंत आमच्या दृष्टीने नाहीच, ती पाडायची परवानगी मी कशी देऊ? आधी भिंत नियमित करून घ्या. मग पाडा."

चिटणीस बाहेरच्या बाकावर बसले. आयुष्यभर त्यांनी अपुऱ्या पत्त्यांची पत्रंसुद्धा बरोबर घरी पोचवली होती, पण नसलेल्या भिंतीला पत्ता मिळवून देण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. अडला माणूस काय करणार? ते उठले आणि भिंत नियमित करायच्या मागे लागले.

त्यात चार महिने गेले. भिंत पूर्वापार असल्याबद्दल दोन शेजाऱ्यांचे दाखले लागत. शिंप्याने आपल्या मुलाच्या नोकरीच्या वेळचा दाखला समोर ठेवून त्याबरहुकूम लिहून दिलं की सदर भिंतीस मी लहानपणापासून ओळखतो व तिची वर्तणूक चांगली आहे. बाईंनी तो वाचला आणि फायलीला लावला. भिंतीचा अर्जदारासह फोटो लागे. तो काढताना फोटोवाला "जरा टेकून उभे राहा" म्हणाला तर चिटणीसांनी त्याला पाटी दाखवली. मजबुतीच्या दाखल्यावर ओव्हरसियरांच्या ओळखीच्या एका इंजिनियरने जागेवर न येताच सही ठोकली: विटांचे बांधकाम, जाडी नऊ इंच, प्रकृती उत्तम. शेवटी एकदाची भिंत नियमित झाली. तिला स्वतःचा क्रमांक मिळाला. चिटणीस तो कागद घेऊन त्याच खिडकीत गेले आणि पाडण्याचा अर्ज आत सरकवला.

"आत्ताच तर नियमित केलीत," बाई म्हणाल्या. "चांगली भिंत आहे. पाडता कशाला?"

त्या दिवशी ते घरी आले आणि चहा न घेता गॅलरीत उभे राहिले. चिटणीसबाई मागे येऊन म्हणाल्या, "मी काय म्हणते, त्या भिंतीचं–" "आज भिंतीचं नाव काढू नकोस," चिटणीस म्हणाले. चिटणीसबाईंनी काढलं नाही.

आणखी एक महिन्याने परवानगी मिळाली. तोवर वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते. शनिवारी कचेरीचे तपासनीस साहेब येणार, गुरुवारी भिंत पाडायची, असं ठरलं. गवंडी दोन माणसं, मोठा घण आणि लोखंडी टेकू घेऊन आला. ओव्हरसियर काठी रोवून मोक्याच्या जागी बसले. शिंपी दुकान बंद करून आला. नाटकवाले, चार कवी आणि चिटणीसबाई, अशी बऱ्यापैकी गर्दी जमली. पहिला घाव चिटणीसांनी घालावा, असं ओव्हरसियर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसांनी चार शब्द बोलून घेतले. त्यात "विस्तार" हा शब्द पाच वेळा आला.

मग त्यांनी घण उचलला. नऊ इंची विटांच्या हिशेबाने जेवढा जोर लावायला हवा तेवढा लावला, वर थोडा चिटणीसपदाचा लावला, आणि हाणला. घण पलीकडे गेला. घणाच्या मागोमाग चिटणीसही कमरेपर्यंत पलीकडे गेले.

बाहेर त्यांचे दोन पाय आणि विजार तेवढी राहिली. एका कवीने वही काढली, ती शिंप्याने मिटायला लावली. गवंड्याने भोकाच्या कडेला हात लावून पाहिला, चिमटीत धरून ओढला आणि म्हणाला, "ही भिंत नाही. हे कापड आहे. वरून खळ आणि चुना दिलाय."

"नऊ इंची आहे," ओव्हरसियर म्हणाले.

"आहे की. लाकडाच्या चौकटीसकट बरोबर नऊ इंच भरेल."

आत, धुळीत, चिटणीसांचे डोळे अंधाराला सरावले. कित्येक वर्षांत त्या कोपऱ्यापर्यंत कोणी पोचलं नव्हतं. अडगळीच्या खोलीच्या दारापासूनच मोडकी टेबलं, पेटारे आणि पुठ्ठ्याचे खांब रचलेले होते. त्या सगळ्याच्या मागे, भिंतीला लागून, एक छोटं स्टूल होतं. स्टुलावर एक वही होती. चिटणीसांनी हात लांब करून ती ओढली. पहिल्या पानावरचं अक्षर बघून ते थबकले, कारण त्या अक्षरातली दूध आणि किराण्याची यादी ते चौतीस वर्षं खिशात घेऊन हिंडत होते.

"आधी बाहेर या," चिटणीसबाई बाहेरून म्हणाल्या. "मग सांगते."

त्यांना बाहेर ओढून काढलं, खुर्चीवर बसवलं, झटकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण चिटणीसांनी शाळेत असताना पाठ केली होती. तिचा अर्थ आत्ता त्यांच्यासमोर उभा होता.

"नाटकाची भिंत आहे ती," चिटणीसबाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षांपूर्वी रंगमंचाच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या, म्हणून नाटक या टोकाला केलं होतं, खालीच. पेंटरने ही भिंत उभी केली. मी हिच्यामागे बसून नटांना वाक्यं पुरवायचे. दोनच प्रयोग झाले."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे. चांगली दिसते म्हणून संस्थेने ठेवली असेल म्हटलं. आणि तुम्हाला दोनदा सांगायला आले होते."

चिटणीसांना हळूहळू आठवायला लागलं. त्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाच्या दिवशीच तर ते पहिल्यांदा सभागृहात आले होते. नवी बदली, गावात ओळख नाही, संध्याकाळ खायला उठे. दाराशी उभं राहायला माणूस हवा होता, ते उभे राहिले. प्रयोग सुटल्यावर पेंटरने त्यांच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, "सोमवारी सेट उतरवून ठेव." त्यांनी उतरवला होता. टेबल, खुर्च्या, खिडकीची चौकट, दिवे, पडदे, सगळं मोजून, बांधून ठेवलं होतं. भिंत ठेवली होती, कारण भिंत सभागृहाची आहे असं त्यांना वाटलं. मग हळूहळू त्या नाटकातले नट नोकरीधंद्याच्या निमित्ताने पांगले, काही वारले, खुर्च्या पुन्हा रंगमंचाकडे तोंड करून लागल्या, आणि ज्यांना ठाऊक होतं असे फक्त चिटणीसबाई आणि पेंटर उरले.

पेंटर आता चौऱ्याऐंशीचा होता आणि दूर मुलीकडे राहत होता. चिटणीसांनी तिथूनच त्याला फोन लावला. सगळे गोळा होऊन उभे राहिले.

"पेंटर, तुझी भिंत सापडली."

"कुठली भिंत?"

"त्या नाटकाची. अजून उभी आहे."

"उभी आहे म्हणजे? तुला उतरवायला सांगितली होती."

"सेट उतरवला रे मी. भिंत सभागृहाचीच समजलो."

मग पेंटर हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे जमली होती."

"जमली होती," चिटणीस म्हणाले.

"आणि ओल? वरच्या कोपऱ्यातली? तिला तीन दिवस लागले होते मला."

"दोनदा गच्चीला डांबर लावलं मी त्या ओलीसाठी."

यावर पेंटर इतका हसला की मुलीने फोन काढून घेतला आणि त्याला पाणी दिलं. पुन्हा तो फोनवर आला तेव्हा चिटणीसांनी त्याला सगळं सांगितलं: कचेरी, दीडशे माणसं, शनिवारचे साहेब. आणि शेवटी म्हणाले, "माझा हात उचलत नाहीये रे हिच्यावर. विटांची असती तर पाडली असती. ही कशी पाडू?"

"अरे, दोन प्रयोगांची भिंत. छत्तीस वर्षं चालली. माझं एक नाटक एवढं चाललं नाही," पेंटर म्हणाला. "आज काय वार?"

"गुरुवार."

"सोमवारी उतरव म्हटलं होतं. उशीर झालाय, आता उतरव."

गवंड्याला परत पाठवलं. चिटणीसांनी घरून पेचकस आणि पक्कड आणली आणि स्वतः एकेक खिळा काढला. चिटणीसबाईंनी दुसरी बाजू धरली. पावणेदोन तासांत भिंत खाली आली आणि तिची गुंडाळी झाली. गुंडाळी ठेवायची कुठे, हा प्रश्न आला, कारण अडगळ भंगारात गेली होती आणि अडगळीची खोली आता उरली नव्हती. ती चिटणीसांच्या घरी कपाटावर गेली. "घरात भिंती कमी होत्या," असं चिटणीसबाई म्हणाल्या, पण वर चढवताना हात त्यांनीच लावला. त्या संध्याकाळी रिकाम्या सभागृहात चिटणीस एकटेच थोडा वेळ उभे राहिले. जागा मोठी दिसत होती आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

शनिवारी साहेब आले. बारीक अंगाचे, वक्तशीर. त्यांना नऊ इंची भिंतीचा राडारोडा बघायचा होता. चिटणीसांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. साहेबांनी फाईल उघडली, भिंतीचा क्रमांक पाहिला, वर्तणुकीचा दाखला पाहिला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग नकाशा पसरला, फीत लावली आणि मोजलं.

"सभागृह नकाशाबरहुकूम आहे," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पहिल्यापासून एवढंच होतं. विस्तार झालेला नाही."

"थोडासुद्धा नाही?" चिटणीसांनी विचारलं.

"नाही. विस्ताराच्या रकान्यात निरंक लिहावं लागेल."

चिटणीस बरं म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या नावावर काहीतरी लागणार होतं आणि तिथे निरंक आलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण साहेब म्हणाले, "आता माणसं बसवून दाखवा. रिकाम्या खुर्च्या मी धरत नाही, त्या लोक शेजारून मागून आणतात."

माणसं जमवली होती. आठवड्याच्या सगळ्या वारांची माणसं त्या दिवशी एकाच वेळी आली. इतकी वर्षं एकच छप्पर वापरून त्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. एकमेकांच्या खुणा तेवढ्या पाहिल्या होत्या. शिवणाच्या बायकांना कळलं की गुरुवारी खिडक्या उघड्या टाकतात ते कोण. कवींनी काही वाचणार नाही असं लेखी दिलं होतं. कठपुतळीवाला दोन बाहुल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून बसला, तेव्हा साहेब म्हणाले, "बाहुल्या धरत नाही." त्याने त्या मांडीवर घेतल्या. बुद्धिबळवाल्या दोघांनी पट सोबत आणला होता आणि मोजणी चालू असताना त्यांचं एक भांडण होऊन मिटलं.

साहेब पुढून मागे मोजत आले. शेवटच्या रांगा, जिथे परवापर्यंत अडगळ होती, तिथे शिंपी, ओव्हरसियर आणि चिटणीसबाई बसल्या होत्या.

"एकशे एकोणपन्नास," साहेब म्हणाले.

गायनमंडळाच्या आजी रंगमंचावरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांना कलाकार म्हणून आधीच वगळलं होतं. चिटणीस पुढे झाले. "मी आहे ना साहेब. मला धरून दीडशे."

"तुम्ही उभे आहात. मी बसलेले मोजतो."

चिटणीसबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. चिटणीसांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की छत्तीस वर्षांत ते इथे कधी बसलेच नव्हते. दारात उभं राहायचं, एक डोळा आत आणि एक रस्त्यावर, मध्येच नळ बघून यायचा, मागचा दिवा घालवायचा, असेच त्यांनी सगळे कार्यक्रम पाहिले होते. ते जरा ओशाळून गेले आणि बसले.

"एकशे पन्नास," साहेबांनी लिहिलं आणि वही मिटली.

एवढी माणसं जमलीच आहेत तर तशीच घरी पाठवणं बरं नव्हे, म्हणून गायनमंडळाने आपलं नेहमीचं गाणं धरलं. वार शनिवार होता, पण कवी काही बोलले नाहीत. चिटणीस दोनदा उठायला गेले, कारण बाहेरचं दार उघडं राहिलं होतं.

"राहू दे उघडं," चिटणीसबाई म्हणाल्या. "बसा."

ते बसले. हे गाणं त्यांनी अकरा वर्षं दर सोमवारी ऐकलं होतं. दुसरं कडवं संपत आलं की ते जिन्यातले दिवे बघायला जात. आज ते गेले नाहीत, आणि गाण्याला तिसरं कडवं आहे हे त्यांना कळलं.